वाचकांचे प्रश्न : आर्सेनिकच्या अभ्यासात कोणता प्राणी चालतो?

गेल्या अंकात गंगेच्या खोऱ्यातील आर्सेनिकयुक्त पाण्याविषयी जो लेख आला होता, त्यात प्राण्यांवरील प्रयोगांचा विषय दोन-चार ओळींत आटोपला होता. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली बहुतेक पत्रे नेमकी त्याच ओळींवर आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून येथे उत्तरे देत आहे. प्रयोगशाळेतील लहान उंदराला ‘माऊस’ आणि मोठ्या उंदराला ‘रॅट’ म्हणण्याचा प्रघात आहे, तोच येथे पाळला आहे, कारण पुढील बरीच चर्चा या दोघांतील फरकावर उभी आहे.

प्रश्न : “आर्सेनिकसाठी रॅट हा चांगला नमुना नाही” असे आपण लिहिले आहे. आमच्या अभ्यासक्रमात तर विषशास्त्राच्या प्रत्येक प्रकरणात रॅटच भेटतो. मग येथेच त्याने असे काय घोडे मारले?
— प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, कराड

उत्तर : अडचण रॅटच्या रक्तात आहे. पोटात गेलेले असेंद्रिय आर्सेनिक बहुतेक सस्तन प्राणी साधारण एकाच मार्गाने हाताळतात. पंचसंयुजी आर्सेनेटचे आधी त्रिसंयुजी आर्सेनाइट होते आणि मग मुख्यतः यकृतातील एएस३एमटी नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला एकामागून एक मिथिल गट जोडते. एक गट जोडला की एमएमए, दोन जोडले की डीएमए. हे पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतात. माणसाच्या लघवीतील आर्सेनिकपैकी साधारण १० ते ३० टक्के न बदललेले असेंद्रिय, १० ते २० टक्के एमएमए आणि ६० ते ८० टक्के डीएमए असते. रॅटमध्येही डीएमए होते, पण त्याचा मोठा हिस्सा बाहेर न पडता तांबड्या पेशींत अडकून बसतो. रॅटच्या हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत तेराव्या स्थानी सिस्टीन हे अमिनो आम्ल असते, माणसाच्या साखळीत त्या जागी ते नसते. आणि त्रिसंयुजी आर्सेनिकला सिस्टीनमधील गंधक सापडले की ते सहसा सोडत नाही. त्यामुळे त्या तांबड्या पेशी मरेपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, आर्सेनिक रॅटच्या रक्तात फिरत राहते. आर्सेनिक शरीरात किती काळ टिकते, कोणत्या अवयवात किती साठते, असे प्रश्न रॅटला विचारले तर मिळणारे उत्तर रॅटपुरतेच खरे असते.

माऊसची तऱ्हा याच्या उलट आहे. त्याचे मिथिलीकरण, म्हणजे मिथिल गट जोडण्याचे काम, इतके झपाट्याने होते की दिलेल्या मात्रेचा बहुतांश भाग दोन दिवसांत डीएमएच्या रूपाने बाहेर पडून जातो. ससा आणि हॅमस्टर या बाबतीत माणसाच्या त्यातल्या त्यात जवळचे मानले जातात. गिनीपिगमध्ये मिथिलीकरण जवळजवळ होतच नाही. सर्वांत मोठा धक्का आपल्याच भाऊबंदांनी दिला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील मारी वाहतेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८२ मध्ये मार्मोसेट माकडात मिथिलीकरण आढळले नाही आणि १९९५ मध्ये चिंपांझीतही ते आढळले नाही. ऱ्हीसस माकडात मात्र ते होते. जनुकांच्या हिशेबाने चिंपांझी आपला सर्वांत जवळचा नातेवाईक असला, तरी आर्सेनिकच्या बाबतीत ससा त्याच्यापेक्षा जवळचा ठरतो. उत्क्रांतीच्या झाडावर जो जवळ तोच उत्तम नमुना, हा सोयीचा समज येथे पार मोडीत निघतो.

हे सारे आकडे ज्या पिंजऱ्यातून येतात तो एकदा पाहण्यासारखा असतो. त्याला मेटाबॉलिक केज म्हणतात. प्राणी तारेच्या जाळीवर बसतो, जाळीखाली गुळगुळीत नरसाळे असते. लघवी नरसाळ्याच्या भिंतीवरून ओघळून एका नळीत जाते आणि लेंड्या घरंगळत दुसऱ्या नळीत पडतात. पाण्याच्या बाटलीची तोटी जाळीबाहेरच्या कोनाड्यात बसवलेली असते. ती चुकून आत सरकली आणि प्राण्याने पाणी सांडले, तर बाटलीतील आर्सेनिक थेट लघवीच्या नळीत उतरते, आणि प्राण्याच्या शरीरात कधी न शिरलेले विष “न बदललेले असेंद्रिय आर्सेनिक” म्हणून वहीत नोंदले जाते. शोधनिबंधातील सुबक आलेखामागे अशा तोट्यांची काळजी असते, आणि ती घेतली होती की नाही हे निबंध वाचून नेहमी कळत नाही.

अर्थात रॅटला कायमचे बाद करण्याचे कारण नाही. जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये पिण्याच्या पाण्यातून डीएमए दिलेल्या रॅटांत मूत्राशयाच्या गाठी दाखवल्या आणि मूत्राशयाच्या अस्तराला इजा कशी होते याचा बराच अभ्यास पुढे रॅटवरच झाला. तेव्हा आपल्या मार्गदर्शकांना “रॅट चालेल का” असे विचारण्याऐवजी “या प्रश्नाला रॅट चालेल का” असे विचारावे.

अलीकडची घडामोडही सांगतो. अमेरिकेतील संशोधकांनी माऊसचे स्वतःचे एएस३एमटी जनुक काढून तेथे माणसाचे जनुक बसवले आणि २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या ‘मानवीकृत’ माऊसच्या लघवीतील तिन्ही घटकांचे प्रमाण माणसाच्या प्रमाणाशी बरेच जुळते. तरीही ‘माणसाचे प्रमाण’ हा सरासरीचा खेळ आहे, हे ध्यानात ठेवावे. अर्जेंटिनातील अँडीज पर्वतावर सान अँटोनिओ दे लोस कोब्रेस नावाचे गाव आहे, तेथील पाण्यात आर्सेनिक पिढ्यानपिढ्या आहे. तेथील लोकांच्या लघवीत एमएमएचे प्रमाण लक्षणीय कमी असते आणि त्यांच्या एएस३एमटी जनुकावर नैसर्गिक निवडीच्या खुणा सापडल्या आहेत. त्यामुळे मानवीकृत माऊस तयार करताना कोणत्या माणसाचे जनुक घेतले, हा प्रश्नही शिल्लक राहतो.

प्रश्न : पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम असताना उंदरांना लिटरला ८५ मिलिग्रॅम पाजून काढलेला निष्कर्ष आमच्या काय कामाचा? आणि आमच्या बोअरचे पाणी तपासावे का?
— शेतकरी, जत

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ८५ मिलिग्रॅम म्हणजे त्या मर्यादेच्या साडेआठ हजार पट. हा आकडा मायकेल वॉक्स यांच्या अमेरिकेतील गटाच्या २००३ च्या प्रयोगातील आहे. त्यांनी सी३एच जातीच्या गाभण माऊस माद्यांना गर्भावस्थेच्या आठव्या ते अठराव्या दिवसापर्यंत लिटरला ४२.५ किंवा ८५ मिलिग्रॅम आर्सेनिक असलेले पाणी दिले. पिल्ले जन्मल्यावर त्यांना आर्सेनिक अजिबात दिले नाही. ती मोठी झाली तेव्हा नरांत यकृताच्या आणि अधिवृक्क ग्रंथीच्या गाठी, तर माद्यांत अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या गाठी वाढलेल्या आढळल्या.

मात्रा इतकी मोठी का, याचे पहिले कारण वर आलेच आहे : माऊस हे विष फार लवकर बाहेर टाकतो. एवढे आर्सेनिक पिणाऱ्या मादीच्या पोटात शरीराच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅमहून अधिक आर्सेनिक जाते. माणसाला किलोमागे एक ते तीन मिलिग्रॅम एका दमात जीवघेणे ठरू शकते. त्या माद्यांचे मात्र वजनसुद्धा घटले नाही. म्हणून पाण्यातील आकडा पाण्यातील आकड्याशी ताडून पाहणे फसवे असते. ऊतींपर्यंत किती पोहोचले हे पाहावे लागते. दुसरे कारण जमाखर्चाचे आहे. माणसांत हजारात एखाद्याला होणारा रोग तीस-चाळीस प्राण्यांच्या गटात दिसावा म्हणून मात्रा वाढवली जाते. हा सर्व विषशास्त्रातील जुना रिवाज आहे आणि त्यावरचे आक्षेपही तितकेच जुने आहेत. त्यातच सी३एच जातीच्या नरांत यकृताच्या गाठी एरवीही पुष्कळ होतात, त्यामुळे या प्रयोगावर टीकाही झाली.

तरी मी हा प्रयोग महत्त्वाचा मानतो, आणि त्याचे कारण मात्रा नसून वेळ आहे. चिलीतील अँटोफगास्टा शहराला १९५८ ते १९७० या काळात लिटरला सुमारे ०.८६ मिलिग्रॅम आर्सेनिक असलेले नदीचे पाणी मिळत होते, पुढे शुद्धीकरण केंद्र आले आणि ते प्रमाण उतरले. त्या बारा वर्षांत जे पोटात किंवा पाळण्यात होते, त्यांच्यात तिशी-चाळिशीत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कितीतरी अधिक आढळले. एका शहरात घडून गेलेली गोष्ट पुन्हा घडवून पाहता येत नाही. ‘केवळ गर्भावस्थेतील आर्सेनिक पुढे गाठी घडवू शकते का’ हा एकच धागा सुटा करून पाहण्याचे काम माऊसने केले. त्याच गटाने २०१४ मध्ये माऊसना आयुष्यभर लिटरला ०.०५, ०.५ आणि ५ मिलिग्रॅम अशा माणसाच्या पातळीजवळच्या मात्रा दिल्या. नरांत पहिल्या दोन मात्रांना फुप्फुसाच्या गाठी वाढल्या, तिसऱ्या, सर्वांत मोठ्या मात्रेला ती वाढ तितकी स्पष्ट नव्हती. जेवढे विष अधिक तेवढा रोग अधिक, या सरळ हिशेबात हे बसत नाही आणि त्यावर अजून वाद आहे.

आपल्या बोअरविषयी : गंगेच्या खोऱ्यातील आर्सेनिक हिमालयातून वाहून आलेल्या गाळातील लोहकणांवर बसलेले असते आणि प्राणवायू नसलेल्या थरांत ते सुटून पाण्यात उतरते. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, तेथे ती परिस्थिती नाही. जतसारख्या भागात क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइड यांची तपासणी आधी करावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देतच असाल तर आर्सेनिकही एकदा पाहून घ्यावे. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते.

प्रश्न : पूर्वी युरोपातील द्राक्षबागांत आर्सेनिक फवारत असत असे ऐकले. ते प्राण्यांवर तपासूनच वापरले असेल ना?
— द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : नाही. जर्मनीत मोझेल नदीच्या खोऱ्यातील द्राक्ष बागायतदारांनी १९२० च्या दशकापासून आर्सेनिकची कीडनाशके फवारली आणि भुकटीच्या रूपानेही धुरळली. १९४२ मध्ये तेथे बंदी आली. बाधा फवारणीच्या तुषारांतून झाली, पण तेवढ्यानेच नाही. द्राक्षे पिळून झाली की उरलेल्या चोथ्यावर पाणी घालून तो पुन्हा पिळायचा आणि त्याची हलकी वाइन घरातल्या माणसांनी व मजुरांनी पाण्यासारखी प्यायची, अशी तेथे रीत होती. सालीवर बसलेले सारे आर्सेनिक त्या चोथ्यात उतरे. विकायची वाइन त्या मानाने बरी आणि घरची विषारी, असा उफराटा प्रकार होता. पुढे त्या लोकांच्या तळहातांवर व तळपायांवर कठीण घट्टे, यकृताचे विकार, फुप्फुसाचा कर्करोग आणि यकृतातील रक्तवाहिन्यांचा अतिशय दुर्मीळ असा कर्करोग दिसून आला.

आर्सेनिकची गोष्ट इतर विषांपेक्षा येथेच वेगळी पडते. बहुतेक रसायनांत आधी प्राण्यात धोका दिसतो आणि मग माणसात तो शोधला जातो. आर्सेनिकने त्वचेचा कर्करोग होतो, हे आर्सेनिकयुक्त औषध घेणाऱ्या रुग्णांवरून इंग्लंडमधील जोनाथन हचिन्सन यांनी १८८७ च्या सुमारास सुचवले होते, आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे प्राण्यांत कर्करोग घडवण्याचे प्रयत्न फसत राहिले. “प्राण्यांत दिसत नाही, म्हणजे माणसांतील पुरावाच कच्चा असेल” असा युक्तिवादही झाला. तो चुकीचा होता; कच्चे होते ते नमुना म्हणून घेतलेले प्राणी.

फ्रान्समध्ये वेलींच्या खोडाच्या रोगावर सोडियम आर्सेनाइट २००१ पर्यंत वापरात होते. भारतात लेड आर्सेनेट आणि कॅल्शियम आर्सेनेट यांना नोंदणी नाकारलेली आहे.

प्रश्न : हळद आर्सेनिकचे विष उतरवते, असे उंदरांवरील प्रयोगांत सिद्ध झाल्याचे संदेश आमच्या व्यापारी मंडळींत फिरत आहेत. पेवातल्या हळदीवर वाढलेल्या आम्हा सांगलीकरांना हे ऐकून बरे वाटते. पण खरे किती?
— हळद व्यापारी, सांगली

उत्तर : बरे वाटावे इतके खरे आहे; पाटीवर लिहून लावावे इतके नाही. आर्सेनिकमुळे पेशींत ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, ग्लुटाथायोन हे पेशीचे संरक्षक द्रव्य घटते, पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांची हानी होते. हळदीतील कुर्क्युमिन आर्सेनिकबरोबर दिले, तर रॅट आणि माऊस यांच्या यकृतातील ही हानी कमी झाल्याचे अनेक प्रयोगशाळांनी नोंदवले आहे. प्रश्न येतो तो या निष्कर्षाचे माणसाच्या ताटात रूपांतर करताना.

हिशेब करून पाहू. अशा प्रयोगांत शरीरवजनाच्या किलोमागे १०० मिलिग्रॅम कुर्क्युमिन ही मात्रा काही नवलाची नाही. रॅटची मात्रा माणसासाठी बदलताना शरीराच्या पृष्ठभागाचा विचार करून तिला ६.२ ने भागतात. म्हणजे किलोमागे १६ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला हे दिवसाला सुमारे ९६० मिलिग्रॅम पडते. हळदीच्या पुडीत कुर्क्युमिन तीन टक्के धरले, तर रोज ३२ ग्रॅम हळद खावी लागेल. आमटीत आपण चिमूटभर टाकतो. शिवाय कुर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते.

त्यातून प्रयोगांची रचनाही पाहावी लागते. बहुतेक प्रयोगांत आर्सेनिक आणि कुर्क्युमिन एकाच वेळी सुरू करतात, काही आठवडे देतात आणि संपवतात. बाधित गावातील माणूस दहा-वीस वर्षे तसले पाणी पिऊन मग दवाखान्यात येतो. विषाबरोबरच दिलेला बचाव आणि रोग जडल्यावर दिलेला उपचार यांत फार अंतर आहे, आणि व्हॉट्सअपवरच्या संदेशात नेमके तेच गाळलेले असते.

याउलट सबुरीने केलेला एक प्रयोग सांगतो. कोलकात्यात देवेंद्रनाथ गुहा मजुमदार यांच्या गटाने बाल्ब-सी जातीच्या माऊसना लिटरला ३.२ मिलिग्रॅम आर्सेनिक असलेले पाणी पंधरा महिन्यांपर्यंत दिले. ही मात्रा बंगालमधील अतिदूषित विहिरींच्या आकड्याशी नाते सांगणारी होती. सुरुवातीला ग्लुटाथायोन आणि संरक्षक विकरे घटत गेली, बाराव्या महिन्यात यकृतात चरबी दिसली आणि पंधराव्या महिन्यात तंतुमयता, म्हणजे व्रणासारखे कठीण तंतू. माऊसचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे, त्यातला अर्धा काळ येथे खर्ची पडला. बंगालच्या रुग्णांच्या यकृतात त्यांनी आधी जे पाहिले होते, त्याचा क्रम त्यांना माऊसमध्ये लावता आला. हा प्रयोग सहा आठवड्यांत गुंडाळला असता, तर “यकृताला फारसे काही होत नाही” असा अहवाल निघाला असता.

माणसांवरही थोडे काम झाले आहे. बंगालमधील बाधित गावकऱ्यांना काळ्या मिरीतील पायपेरीनसह कुर्क्युमिनच्या कॅप्सूल तीन महिने दिल्या असता रक्तपेशींतील डीएनएची हानी कमी झाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. पण डीएनएची हानी घटणे म्हणजे हातावरचे घट्टे जाणे किंवा कर्करोग टळणे नव्हे. बाधित गावात पहिला उपचार पाण्याचा स्रोत बदलणे हाच आहे. आपल्या धंद्याच्या दृष्टीने म्हणाल, तर पुडीला पिवळाधमक रंग येण्यासाठी कोणी लेड क्रोमेट हा शिसेयुक्त रंग मिसळत नाही ना, याची चौकशी हळद बाजाराने करणे या संदेशापेक्षा अधिक गरजेचे आहे.

प्रश्न : आर्सेनिकवरील उतारा प्रथम कोणत्या प्राण्यावर सापडला? आणि प्राण्यात चालणारा उतारा माणसात न चालल्याचे उदाहरण आहे का?
— औषधनिर्माता, मिरज

उत्तर : सुरुवात कबुतरापासून आहे. ऑक्सफर्डचे रुडॉल्फ पीटर्स हे ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा अभ्यास कबुतराच्या मेंदूच्या ऊतीवर करत होते. साखरेपासून बनणाऱ्या पायरुव्हेटच्या ऑक्सिडीकरणाची जी साखळी त्यांना तेथे सापडली, तीच आर्सेनिकला सर्वांत हळवी निघाली. दुसऱ्या महायुद्धात ल्युइसाइट या आर्सेनिकयुक्त युद्धवायूचा धोका उभा राहिल्यावर त्यांच्या गटाने शेजारी-शेजारी दोन गंधक असलेले डायमरकॅप्रॉल बनवले, तेच बीएएल. आर्सेनिकला गंधकाची ओढ, म्हणून त्याला अधिक घट्ट धरणारे गंधक पुरवायचे, हे त्यामागचे तर्कशास्त्र. पण १९८३ मध्ये सशांवरील प्रयोगात बीएएलमुळे मेंदूतील आर्सेनिक उलट वाढल्याचे दिसले. पाण्यात विरघळणाऱ्या डीएमएसए आणि डीएमपीएस या पुढच्या पिढीच्या औषधांकडे वळण्याचे ते एक कारण.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डीएमएसएच आहे. प्राण्यांत ते आर्सेनिक उत्तम बाहेर काढते. गुहा मजुमदार यांनी ते बंगालच्या जुनाट रुग्णांना दिले, निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली, आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दोन्ही गटांत फरक निघाला नाही. दोन्ही गटांतील रुग्णांना थोडे बरे वाटले, कारण त्या काळात ते रुग्णालयाचे चांगले पाणी पीत होते आणि सकस अन्न खात होते. डीएमपीएसच्या २००१ च्या चाचणीचा निकाल मात्र अनुकूल होता.

प्रश्न : सोमल हा विषांचा राजा, तरीही तो रक्ताच्या कर्करोगावर देतात असे वाचले. हे उंदरांवरून कळले का?
— वाचक, विटा

उत्तर : ते आधी माणसांवरूनच कळले. चीनमधील हार्बिन येथे १९७० च्या दशकात डॉक्टरांनी एका लोकौषधाचा माग काढत त्यातील आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपला सोमलच, रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना दिला आणि अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या प्रकारात त्याचा गुण आला. अमेरिकेत त्याला २००० मध्ये मान्यता मिळाली. माऊस आला तो नंतर, पण मोलाचे काम करून गेला. या रोगातील बिघडलेले मानवी जनुक बसवलेल्या माऊसमध्ये रेटिनॉइक आम्ल आणि आर्सेनिक एकत्र दिल्यास रोगाच्या पेशी समूळ जातात, असे १९९९ मध्ये दिसले. आणि केमोथेरपीशिवाय ही जोडी माणसात पुरेशी ठरते, हे २०१३ च्या मोठ्या चाचणीने दाखवले. येथे आर्सेनिक थेट त्या बिघडलेल्या प्रथिनालाच चिकटते, त्यामुळे माऊसचे वेगळे मिथिलीकरण फारसे आड आले नाही. हे औषध हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून शिरेतून देतात. पुडीतला सोमल घरी घेण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

प्रश्न : माणसांतील पुरावा इतका भक्कम आहे, तर मुक्या जिवांना अजून आर्सेनिक पाजण्याची गरज काय? याला कोणी विचारणारे आहे की नाही?
— निवृत्त शिक्षिका, वाई

उत्तर : विचारणारे आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे आणि १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत नीतिसमिती असावी लागते. तिच्यात पशुवैद्यक, बाहेरच्या संस्थेतील शास्त्रज्ञ, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी आणि विज्ञानाशी संबंध नसलेली एक सामाजिक जाणीव असलेली व्यक्ती बसते. माऊस-रॅटसारख्या लहान प्राण्यांचे प्रस्ताव तेथे निकाली निघतात. कुत्री, माकडे, गुरे यांचे प्रस्ताव दिल्लीला जातात. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात तिची धार त्या बाहेरच्या माणसाने किती प्रश्न विचारले यावर ठरते, आणि आपल्यासारख्या शिक्षकांनी या जागा आवर्जून भराव्यात असे मला वाटते.

गरजेविषयी मात्र सरसकट उत्तर देता येत नाही. आर्सेनिक विषारी आहे का, ते कर्करोग घडवते का, हे पुन्हा दाखवण्यासाठी आज एकाही प्राण्याला वेठीस धरण्याचे कारण नाही. अर्धे प्राणी मरतील अशी मात्रा शोधण्याची जुनी चाचणी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतून २००२ मध्येच काढून टाकली गेली. आर्सेनिक पाजून त्याबरोबर अमुक पाल्याचा किंवा तमुक बियांचा अर्क द्यायचा आणि सहा आठवड्यांनी यकृतातील तीच चार विकरे मोजायची, अशा प्रबंधांची आपल्याकडे रांग लागलेली आहे. माझ्या मते त्यांतील बरेचसे नीतिसमितीने परत पाठवायला हवेत, कारण त्यांच्या निकालाने एकाही रुग्णाचा उपचार बदलणार नसतो. आर्सेनिक पेशीत शिरते कसे, डीएनएच्या दुरुस्तीत अडथळा आणते कसा, हे मानवी पेशींच्या संवर्धनात पाहता येते. भ्रूणाच्या वाढीवरील परिणामांचा पहिला अंदाज झेब्रा माशाच्या पारदर्शक अंड्यांत घेता येतो.

जे प्राण्याशिवाय होत नाही तेही सांगितले पाहिजे. आईच्या पोटात मिळालेल्या विषाचे पडसाद अपत्याच्या उतारवयात उमटतात का, यकृताची तंतुमयता कोणत्या टप्प्यावर थांबवता येते, नवे औषध मेंदूत आर्सेनिक ढकलते की बाहेर काढते, हे प्रश्न अखंड शरीराचे आणि दीर्घ काळाचे आहेत. अशा प्रयोगांना परवानगी देताना प्राणी किती लागतील याइतकेच त्यांच्या खाद्याकडेही पाहावे. प्रयोगशाळांतील तयार खाद्यात मासळीची भुकटी आणि धान्य असते, आणि २००८ मध्ये अमेरिकेत तपासलेल्या एका नेहमीच्या खाद्यात किलोमागे सुमारे ०.३९ मिलिग्रॅम आर्सेनिक निघाले. त्यातील बरेचसे मासळीतले तुलनेने निरुपद्रवी रूप होते, काही भाग मात्र असेंद्रिय होता. म्हणजे ज्या गटाला आर्सेनिक द्यायचेच नाही, तोही रोज थोडे खातच होता. पाण्यातून अल्प मात्रा देणाऱ्या प्रयोगात एवढ्याने दोन गटांतील फरक पुसला जाऊ शकतो आणि सारे प्राणी फुकट जातात. त्यामुळे प्रस्तावात शुद्ध घटकांपासून बनवलेल्या खाद्याचा उल्लेख नसेल आणि त्या खाद्याचा आर्सेनिक-तपासणी अहवाल जोडलेला नसेल, तर समितीने पुढची पाने उलटण्याची गरज नाही.